छोटा पेट्रोल जनरेटर: जिन्याखाली ठेवला तर चालेल का? आणि घराला जोडायचा कसा?

सांजसावली

नमस्कार मंडळी. घरी अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आलाय. लोखंडी चौकटीतला, दोरी ओढून सुरू करायचा. अजून एकदाही सुरू केलेला नाही. नवरा बराचसा काळ बाहेरगावी असतो, त्यामुळे लाइट गेल्यावर तो मलाच चालवावा लागणार. घरात सासूबाई आणि शाळकरी मुलगा.

माझ्या डोक्यात आहे ते असं. तळमजल्यावर जिन्याखाली कोनाडा आहे, तिन्ही बाजूंनी भिंत आणि पुढे ग्रिलचं दार. पाऊस लागत नाही, कुलूप लावता येतं, आवाजही जरा दबतो. वर जिन्याची खिडकी आहे, ती उघडी ठेवीन. शिवाय स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून ठेवला तर धूर बाहेर निघून जाईल असं वाटतं.

जोडणीसाठी एक ओळखीचे गृहस्थ दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर करून देतो म्हणालेत. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरं भिंतीवरच्या मोठ्या सॉकेटमध्ये. मेन स्विच पाडला की सगळ्या घरात लाइट.

चालवायचं काय, तर फ्रिज, चार एलईडी दिवे, दोन पंखे, राउटर, मोबाइल, आणि अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर. झेपेल ना?

कृपया "वायरमनला विचारा" एवढंच सांगून सोडू नका. त्याला विचारणारच आहे, पण काय विचारायचं ते तरी कळू दे.

स्पार्कप्लग

जिन्याखाली नाही. आधी एवढं ठरवून टाका, मग पुढचं बोलू.

मी ही यंत्रं दुरुस्त करतो. गिऱ्हाईक विचारतं ते बहुतेक वेळा लोडबद्दल, पण माझं लक्ष आधी जातं ते यंत्र ठेवलंय कुठे याच्याकडे. लोक मूर्ख असतात म्हणून यंत्र चुकीच्या जागी जात नाही. तीन रास्त काळज्या असतात: पाऊस, चोरी आणि आवाज. या तिन्ही काळज्या जनरेटरला एकेक पाऊल घराकडे ओढतात. आधी अंगणातून पडवीत, मग पडवीतून जिन्याखाली. तुमच्या पोस्टमध्येही हीच तीन कारणं आहेत, पुन्हा वाचून बघा.

जिन्याखाली काय होणार ते सांगतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे धूर गेला" हा हिशेब चुकतो. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका आहे, म्हणजे वर जाऊन साचत नाही आणि खालीही बसत नाही. हवेत मिसळतो आणि हवा जाईल तिथे जातो. जिना म्हणजे तर घरातला उभा बोगदाच. खाली इंजिन आणि वर झोपायच्या खोल्या.

आता तो एक्झॉस्ट फॅन. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी ना? ती येणार दाराच्या फटीतून, जिन्यावरून, म्हणजे नेमकी जनरेटरच्या बाजूने. धूर बाहेर काढायला लावलेला पंखा धूर आत ओढेल. खिडकी उघडी ठेवण्यावरही भिस्त नको. वारा आतल्या बाजूला वाहत असला तर तीच खिडकी धुराचं दार होते.

जागा अशी बघा: घराबाहेर, उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला. तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे होत नाही ना तेही पाहा. दोन भिंतींमधला कोपरा टाळा, तिथे धूर घुटमळतो. अंतर मोजताना फक्त आपली खिडकी धरू नका. बाथरूमचे झरोके आणि वरच्या मजल्याची गॅलरीही धरा.

पावसासाठी चार खांबांवर उतरता पत्रा, चारही बाजू मोकळ्या. पत्रा यंत्रापासून चांगला उंच, आणि चहूबाजूंनी मीटरभर जागा. वर ताडपत्री टाकायची नाही, खोकं करून झाकायचं नाही. सायलेन्सर इतका तापतो की ताडपत्री वितळून पेटेल. चोरीसाठी जमिनीत काँक्रीटमध्ये लोखंडी कडी पुरा आणि चौकटीतून साखळी घाला. आवाजाला मात्र अंतर हाच उपाय.

लोडचं आणि सुरू करण्याचं संध्याकाळी सविस्तर लिहितो. ती दोन तोंडांची वायर मात्र करून घेऊ नका.

भिडू_बिनधास्त

थोडं अति होतंय असं नाही वाटत? आमचा गॅलरीत चालतो, दार लोटून घेतो. आजवर कुणाला काही झालेलं नाही. फार तर जरा डोकं दुखतं, ते आवाजाने.

रात्रपाळी

बिनधास्तभाऊ, ते डोकं आवाजाने दुखतंय हे कशावरून?

मी अपघात विभागात परिचारिका आहे, म्हणून यात पडते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. थोडा थोडा आत गेला तरी साठत जातो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळून जातात, मग विचारात गोंधळ होतो. या गोंधळामुळेच माणसाला उठून बाहेर जावं हे सुचत नाही. झोपेत असेल तर आधीच्या पायऱ्या कळतही नाहीत.

ओळखायची खूण अशी: ताप नाही, पण घरातल्या दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी आणि मळमळ, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. अशा वेळी घरातला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बघून निर्धास्त होऊ नका. त्या साध्या यंत्राला ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकतं. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.

असं झालं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग रुग्णवाहिका बोलवा आणि "जनरेटर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. ते सांगितलं की डॉक्टरांचा विचार त्या दिशेला जातो. नाहीतर पोट बिघडलंय, पित्त झालंय यातच वेळ जातो. उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

सांजसावली, तुमच्याकडे म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच. बॅटरीवर चालणारा घ्या, कारण लाइट गेल्यावरच त्याची गरज लागणार. धुराचा अलार्म वेगळा, तो या वायूला ओळखत नाही. युरोपीय मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तास-दीड तासात वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. लगेच वाजला नाही म्हणजे बिघडलाय असं नाही, त्याची रचनाच तशी असते. सासूबाईंच्या खोलीत एक लावा. मागे मुदतीची तारीख असते, ती बघून घ्या. आतला सेन्सर कायमचा नसतो.

तिसरी_पिन

वायरिंगचं मी बोलतो, आमचा तोच धंदा.

दोन्हीकडे टॉप असलेली वायर म्हणजे अशी वायर, जिचं एक टोक नेहमी नागडं असतं. जनरेटर चालू असताना भिंतीतला टॉप निसटला किंवा मुलाने ओढला, की पितळेच्या पिनांवर उघडा २३० व्होल्ट. ही झाली घरातली गोष्ट.

बाहेरची गोष्ट याहून वाईट. मेन पाडायचा राहिला, किंवा अंधारात घाईत भलताच पाडला, तर तुमचा करंट मीटरमधून उलटा लाइनवर जातो. ट्रान्सफॉर्मरला उलट-सुलट कळत नाही. खालच्या बाजूने २३० दिले की तो वरच्या बाजूला हजारो व्होल्ट तयार करतो. खांबावर लाइन बंद आहे असं समजून चढलेला माणूस त्याला हात लावतो. आणि मेन चालू असतानाच लाइट परत आली तर दोन्हीकडचा वीजपुरवठा एकमेकांवर आदळतो. जनरेटरची वाइंडिंग जळते, कधी आगही लागते.

"मी आठवणीने मेन पाडीन" यावर सुरक्षितता सोडायची नसते. त्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. त्याचा खटका एका वेळी एकाच बाजूला बसू शकतो: लाइन, मध्ये बंद, किंवा जनरेटर. वायरमनला सांगा: टू-पोल चेंजओव्हर हवा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा, मध्ये बंदची जागा असलेला. आणि सगळं घर त्यावर घेऊ नका. फ्रिज, दिवे, पंखे असं एक वेगळं छोटं सर्किट काढा. गिझर आणि एसी त्यावर येताच कामा नयेत, म्हणजे चुकून लागायचा प्रश्नच नाही.

दुसरा प्रश्न वायरमनला विचाराच: "जनरेटरवर असताना माझा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, खरंच पडेल का?" बऱ्याच छोट्या जनरेटरांत न्यूट्रल चौकटीला किंवा अर्थला जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. अशा वेळी फ्रिजच्या पत्र्यावर करंट उतरला तरी त्याला अर्थमधून जनरेटरकडे परतायला वाटच नसते, म्हणून ईएलसीबीला फरक कळत नाही आणि तो पडत नाही. गंमत म्हणजे टेस्ट बटण दाबलं की मात्र लगेच पडतो, आणि लोक खूश होतात. ते बटण फेज-न्यूट्रलमधूनच थोडा करंट वळवतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. न्यूट्रल अर्थला कुठे जोडायचा ते तुमचा चेंजओव्हर न्यूट्रल तोडतो की नाही यावर अवलंबून असतं. त्यात स्वतः तार अडकवू नका. पण हा प्रश्न ऐकून वायरमन गोंधळला तर वायरमन बदला.

चेंजओव्हर बसेपर्यंत साधा मार्ग: बाहेर चालेल अशा जाड एक्स्टेन्शनने फ्रिज वगैरे थेट जनरेटरच्या सॉकेटवर. घराच्या वायरिंगशी संबंधच नको.

सांजसावली

बाप रे. वायर करून देणाऱ्यांना आत्ताच फोन करून नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो."

जागा बघितली. मागच्या बाजूला भिंतीलगत टाकीच्या पलीकडे जागा आहे, टेपने मोजलं तर जवळच्या खिडकीपासून ७ मीटर. वर मोकळं आहे. मग एक्स्टेन्शन किती जाड? आणि स्पार्कप्लगदादा, लोडचं सांगणार होतात.

स्पार्कप्लग

७ मीटर उत्तम.

वायर तांब्याची, तीन कोअर, २.५ चौरस मिलिमीटर, बाहेरच्या वापराची रबरी घ्या. बाजारात तयार मिळणारी बारीक बोर्डाची वायर बऱ्याचदा ०.७५ ची असते. २० मीटर लांबीला जाऊन-येऊन ४० मीटर तांबं होतं, त्याचा रोध जवळपास १ ओम. १० अँपिअर ओढले की वाटेतच १० व्होल्ट खाल्ले, आणि १०० वॉट नुसती वायर तापवण्यात गेले. गुंडाळी तशीच ठेवून वापरली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं प्लास्टिक मऊ पडतं. पूर्ण उलगडून पसरा, दाराच्या फटीत चेपली जाणार नाही असं बघा.

आता लोड. प्लेटवर दोन आकडे असतात, मॅक्स आणि रेटेड. मॅक्स विसरा, तो काही क्षणांसाठीचा. अडीच केव्हीए असेल तर मी २ किलोवॉट धरतो आणि सलग चालवायला त्यातलेही दीड-पावणेदोनच.

तुमचा चालू लोड: फ्रिज १५०, पंखे दोन मिळून १५०, दिवे ४०, राउटर-मोबाइल ४०. चारशेच्या आसपास. जनरेटर हसत चालवेल. घोळ फक्त मोटरांचा. मोटर फिरायला लागेपर्यंत चालू करंटच्या चार-सहा पट ओढते. अर्धा एचपी म्हणजे चालताना ६०० च्या घरात, पण उचलताना क्षणभर दोन-अडीच हजार मागते. फ्रिजचा कॉम्प्रेसरही तसाच, आकाराने लहान.

म्हणून क्रम पाळा. पाणी चढवायचं असेल तेव्हा फ्रिज काढा, मोटर एकटी लावा, टाकी भरली की बंद. मग पाचेक मिनिटं थांबून फ्रिज. मोटर लावल्यावर इंजिन घुसमटून दिवे मंद झाले आणि दोन-तीन सेकंदांत सावरले नाहीत तर मोटर लगेच बंद करा. कमी व्होल्टेजवर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि जळते. जनरेटर तोवर ठीक असतो.

भिडू_बिनधास्त

एक टीप माझ्याकडून. व्होल्टेज कमी वाटलं तर कार्बुरेटरजवळ स्प्रिंगचा एक स्क्रू असतो. अर्धा फेरा फिरवला की रेस वाढते, मोटर मस्त उचलते.

स्पार्कप्लग

आणि त्यानंतर यंत्र माझ्याकडे येतं.

तो गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा स्क्रू. ही साधी यंत्रं मिनिटाला ३००० फेरे फिरली की ५० हर्ट्झ देतात. ३३०० केले की ५५. वीज किती वेगाने उलटसुलट होते ते इंजिनाच्या फेऱ्यांवरच ठरतं. रेस वाढवली की फ्रिजचा कॉम्प्रेसर नको त्या वेगाने पळतो, आणि व्होल्टेज चढलं तर चार्जर आणि राउटर आधी जातात. बिनलोड ५१-५२ हर्ट्झ दिसले तर ते ठीक आहे, लोड आला की खाली येतात. त्या स्क्रूला कारखान्यातच रंगाचा ठिपका लावलेला असतो. तो ठिपका फुटलेला दिसला की मी गिऱ्हाइकाला पुढचं काही विचारत नाही.

सांजसावली

आज सुट्टी होती म्हणून सुरू करायला बसले. पेट्रोल घातलं, चोक ओढला, दोरी ओढून ओढून हात भरून आले. फट् नाही की फुस् नाही. नवीन यंत्र बिघडलेलं आलं का?

स्पार्कप्लग

ऑइल घातलं?

सांजसावली

त्यात असतंच ना?

स्पार्कप्लग

नसतं. नवी यंत्रं बहुतेक कोरडीच येतात. तुमच्या यंत्रात ऑइल कमी असेल तर इंजिन सुरूच होऊ न देणारा सेन्सर असावा, त्याने ठिणगी बंद ठेवली. बरंच झालं, नाहीतर कोरडं इंजिन काही मिनिटांत जाम झालं असतं.

यंत्र सपाट जागी ठेवा. पुस्तिकेत ऑइलचा ग्रेड आणि माप दिलेलं असेल. या आकाराला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागतं. ते खाली, इंजिनाच्या तोंडात. वरच्या पेट्रोलच्या टाकीत नाही! हे फोर-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं. ऑइलच्या झाकणाला असलेली काडी पुसून घाला, काढा, खूण बघा. बऱ्याच इंजिनांत ऑइल बघताना काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. तुमच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते पाहा, नाहीतर माप चुकतं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तास चालल्यावर बदला, त्यात नव्या भागांचा लोखंडी चुरा असतो.

मग सुरू करायचं असं. सगळा लोड काढलेला, जनरेटरचा एमसीबी खाली. पेट्रोल कॉक उघडा, इंजिनाचा स्विच चालू, चोक ओढलेला, म्हणजे हवेची वाट बंद. दोरी आधी सावकाश ओढा, कुठेतरी जड लागेल. तिथे थांबा, दोरी हळूच आत जाऊ द्या आणि मग एकदम झटक्यात ओढा. पायाने चौकट दाबून धरा. ओढल्यावर मूठ हातातून सोडू नका, हाताने परत नेऊन ठेवा. सोडली तर ती सटकन आत जाते आणि आतली स्प्रिंग तुटते. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत हे दुखणं कायमचं. इंजिन पेटलं की चोक हळूहळू उघडा. दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या, आवाज एकसारखा झाला की एमसीबी वर, मग एकेक वस्तू.

बंद करताना उलट क्रम: आधी वस्तू, मग एमसीबी, दोन मिनिटं मोकळं, मग स्विच, शेवटी पेट्रोल कॉक.

सांजसावली

सुरू झालं!! तिसऱ्या झटक्याला. मुलगा टाळ्या वाजवत होता. फ्रिज आणि पंखे चालवून पाहिले, मस्त. सासूबाईंच्या खोलीत अलार्मही लावलाय.

दोन शंका. चालू असताना पेट्रोल संपत आलं तर वरून थोडं ओतलं तर चालेल? बंद केलं की सगळं अंधारात जातं. आणि रात्रभर चालवायचं झालं तर?

स्पार्कप्लग

चालू असताना नाहीच, आणि बंद केल्या केल्याही नाही. टाकीच्या हातभर अंतरावर सायलेन्सर आहे. पेट्रोल उणे ४० अंशांच्या खालीसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड. खाली उतरते आणि तापलेल्या भागाकडे जाते. ओतताना चार थेंब सांडणारच, नाळकं कितीही चांगलं असू दे. बंद करून १५-२० मिनिटं निववा, मग भरा. उजेडासाठी बॅटरी, मेणबत्ती नाही. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, पेट्रोल तापलं की फुगतं. म्हणून संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच टाकी भरून ठेवायची सवय लावा. मध्यरात्री ओतायची वेळच येत नाही.

साठा प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत नको, पेट्रोलसाठीच्या डब्यात ठेवा, घराबाहेर, सावलीत. डबा भरून आणताना तो जमिनीवर ठेवून भरायचा, गाडीच्या डिकीत असताना नाही. जवळ ड्राय पावडरचा अग्निशामक असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

रात्रभर कशाला? दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास थंड राहतो. झोपण्यापूर्वी दीड-दोन तास चालवा, फ्रिज गार झाला, मोबाइल चार्ज झाले, बंद करा. पहाटे पुन्हा. सगळे झोपलेले असताना कुणाचं लक्ष नसलेलं इंजिन चालू ठेवणं मला आवडत नाही, ते ७ मीटरवर असलं तरी. वाऱ्याची दिशा रात्रीत बदलते.

रात्रपाळी

याला माझं दुहेरी अनुमोदन. आणि अलार्म वाजला तर "बॅटरी गेली असेल" म्हणून काढून ठेवू नका. आधी बाहेर पडा, मग शंका काढा.

तिसरी_पिन

भर पावसात ओल्या हातांनी टॉप लावू नका, तेवढं राहिलं होतं. आणि एक्स्टेन्शनचा जोड जमिनीवर पडू देऊ नका, विटेवर किंवा हुकला टांगून ठेवा. पाणी साचतं तिथेच जोड असतो, हे मी अजून कुठेही चुकलेलं पाहिलेलं नाही.

सांजसावली

वायरमन येऊन गेला. टू-पोल चेंजओव्हर पुढच्या आठवड्यात बसवतोय. न्यूट्रलचा प्रश्न विचारला तर जरा चमकून बघितलं, मग वही काढून आकृती काढून दाखवली. बदलायची गरज नाही!

शेवटचं: आता बराच काळ लागणार नाही असं दिसतंय. तसंच झाकून ठेवू का?

स्पार्कप्लग

पेट्रोल तसंच ठेवून झाकलंत तर पुढच्या वेळी माझ्यासारख्याचा धंदा. उभं राहिलेलं पेट्रोल महिना-दोन महिन्यांत शिळं होतं. हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं, ते बुजायला कितीसं लागतं? इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं.

महिन्यातून एकदा १५-२० मिनिटं लोडवर चालवणार असाल तर ताजं पेट्रोल घालत राहा आणि विसरा. दोरी ओढायची सवयही राहील. चालवणार नसाल तर इंजिन पूर्ण गार असताना टाकी रिकामी करा. मग कॉक उघडा ठेवून मोकळ्या जागी सुरू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. तरी कार्बुरेटरच्या वाटीत थोडं उरतंच. पुन्हा गार झालं की वाटीच्या खाली एक छोटा ड्रेन स्क्रू दिसेल. त्याखाली डबी धरा, स्क्रू सैल करा, उरलेलं गळू द्या. घट्ट करताना त्याचा वॉशर डबीत पडलेला नाही ना ते बघा. तो राहिला की पुढच्या वेळी पेट्रोल तिथून टपकतं.